कठड्यावर अकरा ते दोन

माझ्या धाकट्या जावेला अमेरिकेतली ग्रँड कॅनियन बघायला जायचं होतं आणि तिच्या सहलीचा आराखडा मी करून द्यायचा, असं ठरलं. मला न विचारता ठरलं असं नाही. विचारलं होतं, आणि मीही हसून "देते की" म्हणाले होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. शाळा जबलपूरची, मुलींची, हिंदी माध्यमाची. नेपियर टाउनमधल्या आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. अकरावीला नदीचं कार्य हा धडा आला की मी फळ्यावर नेहमी एकच चित्र काढत असे. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांवर खडकांचे आडवे थर, आणि तळाशी खडूची एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे नदी. मग मुलींना सांगायचं, की दरी खोल करायला नदी पुरते, पण कडे उभे राहायला वाळवंट लागतं. पाऊस असता तर कडे झिजून केव्हाच उतरते झाले असते. दर वर्षी कोणीतरी एक मुलगी हात वर करून विचारायचीच, "मैडम, आपने देखी है?" मी "नहीं" म्हणायची आणि पुढचा मुद्दा घ्यायची. मग हिवाळ्यात सगळ्या वर्गाला भेडाघाटला न्यायचं, नावेत बसवायचं, आणि संगमरवराच्या भिंतींकडे बोट दाखवून सांगायचं की ती दरी अशीच, फक्त हिच्या कितीतरी पट मोठी. नावाडी माझ्याकडे असा बघायचा, जसं मी त्याच्या दुकानात उभी राहून शेजारच्या दुकानाचं कौतुक करते आहे.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ती दरी डोळ्यांनी बघायची, एवढी एकच मोठी इच्छा माझ्या पोटात शिल्लक होती. घरात सगळ्यांना ती माहीत होती.

जाऊबाईंचं वेगळं. ती बी.ए. होऊन लग्न करून आली ती जबलपुरातच, गढा भागातल्या घरात, आणि तिथेच राहिली. नोकरी नाही, नकाशाशी संबंध नाही. माझा दीर चार वर्षांपूर्वी गेला. एकच मुलगा, तो अमेरिकेत. लहानपणी त्याची शाळा आमच्या घराजवळ होती म्हणून तो दुपारपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच असायचा. माझा जुना ॲटलास जमिनीवर पसरून त्यावर पालथा पडायचा आणि देशांच्या राजधान्या विचारायचा. मला मूलबाळ नाही. तो जरा जास्त माझाच आहे असं मी मनात धरून चालत होते. बोलले कधी नाही, पण वागण्यात दिसलं असणार.

गेल्या वर्षी होळीला तो दहा दिवस आला. एका दुपारी आमच्याकडे सगळे जेवायला होतो. जेवता जेवता त्यानं सांगितलं, की ऑक्टोबरमध्ये आईला बोलावतो आहे, आणि पाच दिवस सुटी काढून तिला वाळवंटातली ती दरी दाखवणार आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मोठी आई, तू पण चल ना. तुलाच तर जायचं होतं."

माझ्या कानशिलात गरम झालं. आणि मी म्हणाले, "अरे नको रे. मी कुठे आता? आईला ने तू."

आता हे "नको" काय असतं ते सांगायला हवं. आमच्या घरात पहिल्या "नको"ला काही किंमत नसते. पाहुण्याच्या ताटावर पुरणपोळी नेली की तो दोन्ही हात आडवे धरतो, अंग मागे घेतो, पोट दाखवतो; वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून पोळी टाकते; आणि तो ती चवीनं खातो. पहिल्या विचारण्याला जो "हो" म्हणतो तो अधाशी. दुसऱ्यांदा आग्रह झाला की नुसतं हसायचं, तिसऱ्यांदा "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणायचं. माझं लग्नसुद्धा माझ्या आईनं दोनदा "बघू" म्हटल्यावर ठरलं. हे कोणी कोणाला शिकवत नाही, जन्मापासून बघून येतं.

तो पोरगा चौदा वर्षं तिकडे राहिला आहे. तो म्हणाला, "ओके, जशी तुझी मर्जी," आणि कढी मागितली.

मी वाट पाहिली. जावेनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून त्याच्या वाटीत कढी वाढली. मला वाटलं, जेवणं झाल्यावर कोणीतरी विषय काढेल. नाही काढला. मग वाटलं, जायच्या आधी तो पाया पडायला येईल तेव्हा पुन्हा विचारेल. तो आला, पाया पडला, माझ्या गालाला गाल लावला आणि गेला. एवढं सगळं मी नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "तूच नको म्हणालीस ना."

"मी असंच म्हटलं होतं."

"मग असंच झालं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. त्या माणसाशी मी दोन दिवस बोलले नाही, त्यांना ते कळलंही नाही.

कोणी म्हणेल, फोन करून सांगायचं होतं. मलाही ते सुचलं होतं. पण आपणहून मागून घ्यायचं म्हणजे मी या घरातली मोठी सून उरले नसते. माझा स्वभाव ताठ आहे, तो मला माहीत आहे, आणि त्या वेळी तो मला आवडतही होता.

पावसाळ्यात त्याचा फोन आला, की मला कामातून वेळ नाही, आराखडा तूच कर, तुझ्याइतकं कोणाला जमणार. झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ गढ्याहून ऑटोनं यायची, माझ्या जेवणाच्या टेबलापाशी बसायची आणि एक डायरी उघडायची. मी रोज दुपारी फोनवर त्या दरीचे व्हिडिओ पाहत होते. कोणती बस कोणत्या थांब्यापर्यंत जाते, कठडा कुठे आहे आणि कुठे नुसताच कडा आहे, पाणी कुठे भरायचं, उद्यानाच्या आतल्या लॉजमधल्या खोल्या किती आधी भरतात, सगळं मला पाठ झालं होतं. माझ्या स्वयंपाकघरात जायफळ कुठे ठेवलं आहे ते मला आठवत नव्हतं, पण तिथली पायवाट किती वळणांनी खाली उतरते ते मी सांगू शकले असते. आणि हे सगळं मी दुसऱ्या बाईला डायरीत लिहून देत होते.

ती विचारायची, ताई, स्वेटर लागंल का? मी सांगायची की कडा पचमढीहून दुप्पट उंचावर आहे. तिथे पोळी-भाजी भेटते का? मी म्हणायची, थेपले कर. मग ती ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायची, आणि तिचं ते मान वाकवून लिहिणं बघून माझा जळफळाट व्हायचा. माझ्या एकाही विद्यार्थिनीनं माझं बोलणं इतकं मन लावून उतरवून घेतलं नव्हतं.

तिनं बूट घेतले. जाड तळव्याचे, राखाडी, गुलाबी नाड्यांचे. साडीवर ते घालून ती माझ्या दारात आली आणि म्हणाली की दुकानदार म्हणे, आधी पायाला सवय करा. मी म्हटलं, छान आहेत. ती आत गेल्यावर मी दारातले ते बूट पाहिले. आमच्या दोघींच्या पायांचं माप एकच आहे. मी चप्पल काढून एका बुटात पाय घातला. मऊ होता. सहासष्ट वर्षांची बाई जावेच्या बुटात पाय घालून उभी आहे हे लक्षात येताच मी पाय काढून घेतला आणि आत जाऊन चहा जरा कमी साखरेचा केला. तिला गोड लागतो.

पायांना ताकद यावी म्हणून ती रोज संध्याकाळी ग्वारीघाटला जाऊन पायऱ्या चढायची-उतरायची. एका सोमवारी मी त्याच घाटावर नर्मदेला दिवा सोडायला गेले, तर फुलंवालीनं द्रोण हातात देता देता विचारलं, "दीदी, आप नहीं जा रहीं अमेरिका? वो तो बता रही थीं, सारा प्लान आपने बनाया है।" मी म्हटलं, मला सवड नाही. निवृत्त बाईला कसली आली आहे सवड-बिवड, हे त्या फुलंवालीलाही कळलं असणार; तिनं एक झेंडू जास्तीचा ठेवला. त्या झेंडूनं माझा जीव आणखीच खाल्ला.

पण खरी कळ आली ती एका शुक्रवारी. मी तिला दरी कशी बनली ते उगाच थोडक्यात सांगत होते, बोलण्यात शेखी होती हे कबूल. तिनं पेन थांबवलं. म्हणाली, "ताई, एक विचारू? नदी खाली गेली, का जमीन वर आली?"

मी विचारलं, का गं?

"नाही, म्हणजे नदी तर आपली वाहून राहिली असंल पहिल्यापासून. जमीनच उचलल्या गेली असंल तर तिनं काय करावं? तिनं तिथंच कापत राहावं ना."

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलीनं विचारला नव्हता. आणि तिचं उत्तर बरोबर होतं. पठार वर उचललं जात राहिलं आणि नदी आपल्या जागी कापत राहिली, हाच त्या दरीचा गाभा आहे. मला तो कॉलेजात दोन वेळा वाचून कळला होता. मी तिच्याकडे पाहून म्हणू शकले असते, तू भूगोल घ्यायला हवा होतास. त्याऐवजी "दोन्ही झालं" म्हणाले आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या किती न्यायच्या यावर आले. माझ्या टेबलापाशी डायरी घेऊन बसणारीला काही कळत नाही, असं समजण्यात जे सुख होतं तेही तिनं काढून घेतलं.

त्याच आठवड्यात मी आराखड्याचा तिसरा दिवस लिहिला, दरीचा दिवस.

त्या दरीबद्दल एक गोष्ट आहे जी मला माहीत होती आणि त्या दोघांना नव्हती. दुपारी तिथे बघण्यासारखं सगळ्यात कमी असतं. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात, थरांचे रंग उडतात, लाल, जांभळं, पिवळं सगळं एका फिक्या तपकिरीत मिसळतं. जाणकार लोक त्या वेळी आत जाऊन जेवतात. बघायची वेळ सूर्योदयाची, नाहीतर सूर्यास्ताची. मी शेकडो व्हिडिओत पाहिलं होतं, उजेड तिरपा पडू लागला की एकेक कडा कसा पुढे येतो ते.

मी लिहिलं: मुक्काम तासाभरावरच्या गावात. सकाळी दहाला निघणे. कठड्यावर अकरा ते दोन. दोनला परत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुढच्या गावाला रवाना. बाजूला कारणंही लिहिली. पहाटे कडाक्याची थंडी. आईचे गुडघे. अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी नको. तिन्ही कारणं खरी होती. चौथं लिहिलं नाही.

लाल शाईनं वेळांखाली रेघ ओढून, पानांचे फोटो काढून मी ते पुतण्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "परफेक्ट, मोठी आई." वाटलं होतं, असं काही केलं की मन खाईल. खरं सांगते, नाही खाल्लं. उलट मला त्या आठवड्यात चांगली भूक लागली आणि जावेशी मी गोड बोलू लागले. ती जाणार होती, पण मी बघितलं असतं ते ती बघणार नव्हती.

ऑक्टोबरात ती निघाली. जायच्या आधी आमच्याकडे आली, मी तिच्या हातावर दही घातलं. वाकून नमस्कार करताना ती जरा जास्त वेळ वाकलेली राहिली, मला वाटलं कंबर धरली. मग फोटो यायला लागले. विमानतळ, मुलाचं घर, तिकडे दारोदार मांडलेले भोपळे, पुन्हा विमान. दरीच्या दिवशी त्यांचे अकरा वाजले तेव्हा इथे मी झोपलेली होते. मुद्दामच लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी चहा टाकत होते तर तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, ती मोटेलच्या खोलीत एकटी होती. मुलगा जेवण आणायला गेला होता.

"ताई, मी रडली आज," ती म्हणाली. "कठड्यापाशी गेली, पाहिलं, आणि रडायलाच आलं. तो म्हणे, आई पाणी पी. मी म्हटलं, राहू दे रे बाबा, पाहू दे. तीन तास मी तिथून हलली नाही."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, तो नवऱ्यानं येऊन केला. सगळ्यात वाईट वेळ निवडून दिली होती मी तिला, आणि तिला ती पुरली होती.

मी काहीतरी म्हणाले, छान झालं वगैरे.

"ताई, तो यायच्या आधी एक बोलायचं होतं. होळीले तुम्ही नको म्हटलं ना, ते नको कसं होतं ते मला कळलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी तो मला म्हणे, मोठ्या आईला अजून एकदा विचारू का? मीच म्हटलं, नको विचारू, त्यांना संकोच होते."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "काहून?"

"तुम्ही आल्या असत्या तर पूर्ण वेळ तो तुमच्याशीच बोलला असता. लहानपणापासून तसंच होतं. मुलगा माझा, पण काही विचारायचं असलं की तुमच्याकडे पळे. मी भाजी निवडत ऐकत राहायची. मला वाटलं, पाच दिवस तरी तो मला दाखवंल काही. हेवा वाटे मला तुमचा, ताई. आता तिथं उभी राहिली तर वाटलं, हे मी काय केलं. ही तुमची जागा होती."

मला राग आला. अंगाचा तिळपापड झाला. सात महिने मी त्या पोराला आडमुठा समजत होते आणि अडवणारी माझ्या टेबलापाशी बसून थेपल्यांची कृती लिहून घेत होती. ओठावर आलेलं बोलले असते तर आमचं नातं तिथेच संपलं असतं. पण तिनं ते हेवा हे नाव घेऊन सांगितलं होतं, आणि माझा अजून लाल शाईच्या रेघेखाली लपून बसला होता.

"उद्या सकाळी आठला निघू नका," मी म्हटलं. "पहाटे परत कठड्यावर जा. सूर्य उगवायच्या आधी पोचा."

"पण प्लॅनमध्ये तर..."

"ते चुकीचं लिहिलं आहे. दुपारी तिथे काहीच दिसत नाही. सगळे रंग सकाळ-संध्याकाळ असतात. मला माहीत होतं."



"चुकून लिहिलं?" तिनं विचारलं.

"नाही."

दार उघडल्याचा आवाज आला, कागदी पिशवी वाजली, पुतण्या काहीतरी विचारत होता. ती मला हळूच म्हणाली, "तो आला. आता तुम्हीच सांगा त्याला काय सांगायचं ते. मी मध्ये नाही पडत." आणि तिनं खरंच फोन त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, "हां, मोठी आई, बोल."

नवरा शेगडी पुसत होता. आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून माझा आवाज जरा मोठा आणि शाळेतल्यासारखा निघाला. "मला पण बघायची आहे ती दरी. मला घेऊन जा."

"पण तू तर नको म्हणाली होतीस."

"हो. खोटं म्हणाले होते."

तिकडे पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. "मग तेव्हाच सांगायचं ना, मोठी आई," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी सरळ, लहानपणी राजधानी विचारायचा तसा.

त्याच्या मागून जावेचा आवाज येत होता, ती त्याला पहाटे चारचा अलार्म लावायला सांगत होती.